फेरी दारात थांबली तेव्हा

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ईस्टरला काय केलं?" मी म्हटलं, नेहमीचंच. ते खरं नव्हतं. फोनवर एवढं सांगायला दम लागतो, म्हणून लिहिते.

ईस्टरच्या पहाटे आपल्या चर्चच्या मंडळीची फेरी निघते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. वाशीममध्ये आपली घरं मोजकी. लोक ढोलक वाजवत, गाणी म्हणत येतात, एकेका दारात थांबतात आणि मोठ्यानं म्हणतात, "प्रभू उठला आहे!" घरातून कुणीतरी उत्तर द्यायचं, "खरोखर उठला आहे!" उत्तर मिळाल्याशिवाय फेरी पुढे सरकत नाही. आपल्या घरातून उत्तर देत ते आजोबा. त्यांच्या आवाजानं मागच्या गल्लीतली कुत्री जागी व्हायची.

दहा महिन्यांपूर्वी त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तेव्हापासून भिंतीवर माझा कागद आहे: सहाला औषध, साडेसहाला अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं. जन्मभर इंग्रजी शिकवताना मी मुलींच्या वह्यांतले समाससुद्धा सरळ करून घेतले. कागद पाळणं मला जमतं. सुरुवातीला त्यावर प्रार्थनेचीही वेळ होती. ती कधी सुटली, कळलं नाही. गुड फ्रायडेच्या आधी डॉक्टर म्हणाले, "आता सुधारणेची आशा धरू नका, पाठीची जखम तेवढी सांभाळा." मी मान हलवली आणि येताना कापसाचं बंडल घेऊन आले.

तेव्हाच मी ठरवलं होतं की यंदा फेरीच्या वेळी दार लावून ठेवायचं. झोपलेत असं समजून लोक पुढे जातील. जे मला खरं वाटेनासं झालं होतं, ते मोठ्यानं कसं म्हणू?

पण मदतीला येणारी बाई पाणी फेकायला बाहेर गेली आणि दार सताड उघडं ठेवून आली. ती मागच्या गल्लीतली, बौद्ध घरातली. माझ्याच शाळेत सातवीपर्यंत शिकली, म्हणून अजून आजोबांना "सर" आणि मला "बाई" म्हणते. आम्ही आजोबांना कुशीवर घेतलं होतं. मी त्यांची जखम पुसत होते. तेवढ्यात ढोलक दारात आली.

"प्रभू उठला आहे!"

मी कापूस हातात धरून बसले. त्यांनी पुन्हा कडवं घेतलं.

"बाई, लोकं दारात उभे हायेत. जवाब काहून नाही देत?"

"सांग त्यांना, झोपलेत म्हणून."

"दिवा लागला हाय, दार उघडं हाय, अन् मी खोटं सांगू? तेबी तुमच्या सणाच्या दिवशी?"

बाहेरून ढोलकवाल्या काकांचा आवाज आला, "बाई, ऊन निघून राह्यलं! आमाले अजून नऊ घरं करा लागते!"

"थांबा न जरा! ढोलक तं पळून नाही चालली!" ती आतूनच ओरडली. मग माझ्याकडे वळली.

"माझ्याच्यानं नाही होत गं," मी म्हटलं. "मनातून येत नाही."

"नसन येत. मी सरले रोज इचारते, चाहा घेता का? दहा महिन्यांत बोलले का ते एकदा तरी? तरी मी इचारनं सोडलं का?"

मी खाली पाहिलं. वाटीत कोमट तेल, मांडीवर कापूस, समोर ती पाठ. आणि लहानपणापासून ऐकलेली गोष्ट मला पहिल्यांदाच नीट दिसली. त्या पहाटे येशूच्या कबरेकडे गेलेल्या बायका आशेनं गेल्याच नव्हत्या. त्या सुगंधी द्रव्यं घेऊन एका मेलेल्या देहाची काळजी घ्यायला निघाल्या होत्या. वाटेत त्यांची चिंता एवढीच, की कबरेच्या तोंडावरचा तो धोंडा कोण सरकवणार? थकलेल्या बायका, हातात काम. तो उठल्याची बातमी त्यांनाच आधी मिळाली.

आणि जो उठला, त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या. म्हणजे देह टाकून दिला जात नाही. मग मी रोज पुसते ती ही पाठसुद्धा टाकली जाणार नाही.

"खरोखर उठला आहे," मी म्हटलं. बाहेर कुणाला ऐकूच गेलं नाही. ढोलक पुन्हा वाजू लागली.

"वर्गात तं आमच्यावर केवढ्या ओरडत होत्या!" ती म्हणाली.

मग मी उठून दारात गेले आणि खरंच ओरडले. आवाज फाटला. काका म्हणाले, "आलं, आलं! चला रे!" आणि सगळे पुढे निघाले.

आत आले तेव्हा आजोबांचे डोळे दाराकडे होते. त्याचा काही अर्थ मी लावत नाही. ते त्या कुशीवर होते, दार समोरच येतं. ते बरे होणार नाहीत हे मला कळतं, आणि थकवाही गेलेला नाही. पण डॉक्टरांनी धरू नका म्हटलेली आशा वेगळी आणि मी दारात जाऊन ओरडले ती वेगळी. ही आजोबा गेल्यावरही मला पुरेल.

पट्टी अर्धी राहिली होती, ती पूर्ण केली. तेवढ्यात पुढच्या घराचं उत्तर ऐकू आलं. मग आम्ही दोघींनी त्यांची कूस बदलली.