पिवळ्याला हात लावायचा नाय

अण्णा रजेवर गेले की आमची कंपनी अडायची. म्हणजे यंत्रं चालू असायची, मालाचे ट्रक ये-जा करायचे. फक्त नफा झाला की तोटा, हे कोणाला सांगता यायचं नाही. तो सगळा हिशेब अण्णांच्या एक्सेलच्या एकाच फायलीत होता, आणि ती फाईल धड चालायची फक्त त्यांच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर.

अण्णा मूळचे कळवणचे, आमच्या हिशेब विभागाचे प्रमुख. त्या फायलीतले काही रकाने त्यांनी पिवळे करून ठेवले होते. नव्या माणसाला बसायची खुर्ची दाखवायच्या आधी ते सांगत, "पिवळ्याला हात लावायचा नाय." एकदा एका ऑडिटरने तिथे काहीतरी टाइप केलं आणि मालेगाव डेपोचा तोटाच नाहीसा झाला. मालक खूश झाले. अण्णांनी मात्र त्या ऑडिटरला पुन्हा कधी चहा विचारला नाही.

दसऱ्याला बाकीचे लोक यंत्रांना झेंडूच्या माळा घालत, तेव्हा अण्णा फाईल उघडून पडद्याला हळदकुंकू लावत. तो डाग बरोबर एकूण बेरजेवर पडे आणि अण्णा तो वर्षभर कोणाला पुसू देत नसत. आम्ही डागाच्या कडेने आकडे वाचायला शिकलो होतो.

मालकांचा मुलगा गंगापूर रोडच्या घरून भलत्याच बनावटीचा लॅपटॉप घेऊन यायचा. त्याच्यावर अण्णांच्या फायलीतली बटणं दाबली तरी काही होत नसे. त्याने तक्रार केली तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "साहेब, लॅपटॉप बदला."

शेवटी नव्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला. ते कुठल्याही कॉम्प्युटरवर, अगदी मोबाइलवरही चालणारं. एक्सेलच ठेवायचं की हे घ्यायचं, ते मालकांनी अण्णांवर सोपवलं. अण्णा काय म्हणणार, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. विकायला आलेले गृहस्थ बराच वेळ बोलले, अण्णा चष्मा पुसत बसले. मग त्यांनी एकच विचारलं, "हे कळवणहून उघडेल का?"

"कुठूनही उघडेल, सर."

"मग हेच घ्या."

तेव्हा आम्हाला आठवलं. एका मार्चअखेरीला त्यांची आई गेली, तेव्हा अण्णा त्या फायलीपुढे अडकले होते. ते गावी पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आता गावी वडील अंथरुणाला खिळले होते. इतकी वर्षं आम्ही त्या फायलीवरून त्यांची चेष्टा करत होतो.

निवृत्तीपर्यंतचं काम अण्णांनी कळवणच्या ओसरीवरूनच केलं. फोनवर आकडे सांगताना मागे कोंबड्या ओरडायच्या.

वडील गेल्याचं कळलं तेव्हा मी फोन केला. "ताई, शेवटचं पाणी माझ्या हातचं घेतलं त्यांनी," अण्णा म्हणाले. मग म्हणाले, "पण तुमच्या त्या सॉफ्टवेअरात रकाना पिवळा करता येत नाय. तेवढं सांगा त्या विकणाऱ्यांना."