ऊन मोडलं त्या वर्षीचा अंदाज

“‘घेता का’ असं विचारू नको वं पोरी. मागच्या उन्हाळ्यात दुपारी कुठं निजले होते, ते विचार.”

शांताताई गावंडे मला पहिल्यांदा रागावल्या, ते या शब्दांत. नागपूरच्या रामदासपेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात मी नुकतीच कामाला लागले होते. कोणता माल खपेल, किती खपेल, हे कारखानदार विचारत. ताई आणि आम्ही पाचजणी घरोघरी जाऊन, माणसांशी बोलून, आकडेमोड करून त्याचं उत्तर शोधत असू. बाजारपाहणी असं या कामाला नाव असतं, हेही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आज ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लिहायला बसले, आणि त्या पहिल्या हिवाळ्यातच पुन्हा अडकले आहे.

हिंगण्याला कूलर बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या मालकांना सारे भैयाजी म्हणत. नागपुरात कूलर तेव्हा नुकते घरांतून दिसू लागले होते. उन्हाळ्यात किती खपतील, हे भैयाजींना थंडीतच हवं होतं, कारण पत्रा आणि पंख्यांच्या मोटारी तेव्हाच मागवाव्या लागत. आम्ही वस्त्यांमधून फिरलो. जिथे विचारावं तिथे होकार! “घेऊन राहिलो नं यंदा,” म्हणत बायका चहाचं आधण ठेवत. आम्ही हरखून परतलो, तर ताईंनी कपाळाला हात लावला. आपल्याकडे दारी आलेल्या मुलीला चहा देतात, तसाच होकारही देतात, हे आम्ही सगळ्याजणी इथेच वाढूनही विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः माझ्याबरोबर महाल भागातल्या एका घरी आल्या.

“मागच्या मे महिन्यात दुपारी कुठं निजले होते जी?” त्यांनी घरच्या बाईंना विचारलं.

“मधल्या खोलीत. वाळ्याची ताटी लावतो, तिच्यावर पाणी मारतो.”

“कूलर नव्हता?”

“होता न, भाड्याचा. पोरगी बाळंतपणाले आली होती. ती गेली अन् कूलरही गेला. मंग कोणाले झोपच येईना! आमचे हे म्हणे, आता ताटीत मजा नाही.”

रस्त्यावर येताच ताईंनी माझा दंड घट्ट धरला. “सापडलं वं! ज्यानं एकदा भाड्यानं आणला, तोच विकत घेते.”

पुढचे दिवस आम्ही अक्षरशः पळत होतो. ज्यांच्याकडे कूलर होता अशी घरं शोधली, तर बहुतेकांनी आधीच्या उन्हाळ्यात तो भाड्याने आणलेला. मग भाड्याने देणारी दुकानं पालथी घातली, भैयाजींची मागल्या वर्षांची विक्री त्यांच्याशी ताडून पाहिली. आलेखाच्या कागदावर भाड्याची रेघ चढली की पुढच्या वर्षी विक्रीची रेघ तिच्यामागून चढत होती. माणसांच्या दुपारच्या झोपेतून पुढच्या वर्षाचा बाजार दिसू शकतो! तो कागद पाहताना मला झालेला आनंद परीक्षेत पास होऊनही झाला नव्हता.

भैयाजींना मात्र त्यावरून काढलेला आकडा पाहून धक्का बसला. “ताई, मी याच्या दुप्पट बनवणार होतो!”

“बनवा की. उरलेले ठेवाल कुठं, तेवढं सांगा.”

त्यांनी ताईंचं ऐकलं. पण जाताना म्हणाले, “चुकलं, तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याले.” कार्यालयाचं मोठं काम ते एकच होतं. ते गेलं असतं, तर आम्ही पाचहीजणी घरी बसलो असतो.

माझ्या घरी तर तशी वाटच पाहिली जात होती. सून परक्यांच्या घरांतून हिंडते, हे सासूबाईंना खपत नव्हतं. ताईंना कुठून कळलं कोण जाणे, एका दुपारी त्या थेट घरी आल्या आणि सासूबाईंचीच पाहणी करू लागल्या. चहा कोणता, साबण कोणता, आणि तोच काहून? सासूबाईंना इतक्या आस्थेने आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. उठताना त्या ताईंना म्हणाल्या, “पुन्हा कधी येता? मसाल्याचं सांगायचं राहिलं माझं.” त्यानंतर मला अडवलं गेलं नाही.

मग उन्हाळा आला आणि ऐन तापायच्या वेळी मोडला. गारा पडल्या, पाऊस लागून राहिला. कूलर कोण घेणार? इतर कारखान्यांकडे मालाचे ढीग पडले. भैयाजींकडे थोडाच उरला. ते संत्रा बर्फी घेऊन कार्यालयात आले. “ताईंनी पाऊस आधीच पाहिला!” ही बातमी बाजारभर झाली. आता कितीतरी कामं येणार, म्हणून आम्ही नाचायच्याच बाकी होतो. व्यापाऱ्यांनी ताईंना बैठकीला बोलावलं.

ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझा अंदाज चुकला. मी सांगितले त्याहून कूलर कमी खपले. पावसाचं मला काहीच ठाऊक नव्हतं. भैयाजी वाचले, ते आकडा मुळात लहान होता म्हणून; मी पाऊस ओळखला म्हणून नाही.”

माझ्या शेजारी बसलेले भैयाजी पुटपुटले, “अहो, लक्ष्मी चालून येऊन राहिली अन् तुम्ही दार लावून राहिल्या!” काही व्यापारी तिथूनच उठून गेले. छातीठोक आकडा सांगणारा त्यांना दुसरीकडे मिळाला.

भैयाजी मात्र बसून राहिले. त्यांनी विचारलं, “मंग पुढच्या वर्षी कसं करायचं?”

“दोन आकडे देईन,” ताई म्हणाल्या. “ऊन टिकलं तर एक, मोडलं तर दुसरा. मोटारी दोन खेपांत मागवा.”

“चला, लागा कामाले,” भैयाजी म्हणाले. आमचं कार्यालय त्या दिवशी वाचलं. एवढं खरं बोलूनही वाचता येतं, हे मी तिथे पाहिलं, आणि आयुष्यात पुढे अनेकदा त्याच बळावर बोलले.

ताई, तुम्हाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो, असं मनापासून लिहिते आहे. आधार काय, असं तुम्ही विचारालच. आधार काही नाही, नुसती इच्छा आहे. आम्हाला तुम्ही हव्या आहात.

आणि एक विनंती. सत्काराच्या दिवशी उत्तर द्यायला उभ्या राहाल, तेव्हा आपले कोणते अंदाज कसे चुकले, तिथून सुरुवात करू नका. एक दिवस नुसतं कौतुक ऐकून घ्या आणि खाली बसा. ऐकाल का?