काळी एकचा आग्रह

"हिची एक तार तुटली तर कुणाला कळणार आहे?" तालमीच्या खोलीत शिरताना मला ऐकू आलं. पेटीवाले तबलजींशी बोलत होते.

आमचा कार्यक्रम पेशवाईच्या काळातल्या संगीताचा होता. इथली पदं, आणि सोबत त्याच काळातलं युरोपातलं ल्यूट हे तंतुवाद्य, ते मी वाजवणार होते. ल्यूट काळी एक पट्टीला चढवा, असं पेटीवाले सकाळपासून सांगत होते. माझ्या ल्यूटची तार लांब आहे, ती अर्धा सूर खालच्या पांढरी एकपर्यंतच चढते, त्याच्या वर ताणली की तुटते. आतड्याची बारीक तार माझ्याकडे शेवटचीच होती आणि कार्यक्रम संध्याकाळी होता.

पेटीवाले रुमालाने बोटं पुसायचे, आणि मग त्यांचा हात हळूच माझ्या ल्यूटच्या खुंटीकडे यायचा, तार ताणायला. मी चहासुद्धा वाद्य मांडीवर घेऊनच प्यायले.

"सगळ्यांचा सूर एक. आपलाच का वेगळा, मॅडम?" ते हसून म्हणाले. कदाचित त्यांना एक पट्टी खाली वाजवायची सवयच नसेल. पण बोटं पुन्हा पुसून झाली होती.

"अहो, पेशवाईत पेटी नव्हतीच," मी म्हणाले. "आज आपण समोर बसून ऐका."