परिशिष्ट चार

"चिखलाला इचारल्याबिगर पाय टाकू नये, बाईनू," असं म्हणून तो वहाणा काखोटीला मारायचा आणि न्हाणीतलं कढत पाणी चाचपावं तसा पायाचा अंगठा खाडीच्या चिखलात बुडवायचा. क्षणभर थांबायचा. मगच पुढचं पाऊल.

मुलांनो, तुमच्या आईवडिलांनी त्याला पाहिलेलं आहे. सगळे त्याला तांडेल म्हणत, म्हणजे होडीचा म्होरक्या. होडी विकून पुष्कळ वर्षं झाली होती, पण हाक तीच राहिली.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती. आता रत्नागिरीला प्रवासी येणार, म्हणून आमच्या खाडीत पक्ष्यांसाठी अभयारण्य आणि माणसांसाठी लाकडी पायवाट, मनोरा, स्वच्छतागृह असा बेत ठरला. मी तेव्हा शाळेतून निवृत्त झाले होते. अहवालाचं इंग्रजी आणि फलकांवरचा मजकूर माझ्याकडे आला. चिखलातून वाट दाखवायला तांडेल आला.

पाहणी मे महिन्यात झाली, कारण पावसाआधी कागद पुढे जायला हवे होते. खाजणाच्या, म्हणजे भरतीत बुडणाऱ्या त्या चिखलपट्ट्याच्या, मध्यावर एक उंचवटा आहे. तो पाहून अभियंता साहेब खूश झाले. "जागा उंच आहे, खांब आखूड चालतील. वाट इथूनच नेऊ."

"सायबानू, ही पाखरांची बैठक," तांडेल म्हणाला. "भरतीला सगला चिखल बुडतो. मग सगली पाखरं हितंच येऊन टेकतात."

"इथे तर एकही दिसत नाही."

"आता ती आपल्या मुलखात गेलीत. दिवाली झाली की येतील. मे महिन्यात शालेत जाऊन पोरं मोजाल काय?"

मी हसले. साहेबही हसले, आणि नकाशावरची रेघ उंचवट्यावरूनच गेली.

दुसऱ्या दिवशी तांडेलने आपली वाट आखली. तिवरांच्या कडेकडेने, लांब वळसा घेऊन त्याने बांबू रोवले आणि प्रत्येकाला आपल्या जुन्या चौकड्यांच्या लुंगीची चिंधी बांधली. मला म्हणाला, "बाईनू, हे तुमच्या इंग्रजीत लिवा. तुमचं वाचतील."

मी लिहिलं. भरतीचं पाणी कुठवर चढतं, कोणते पक्षी कधी येतात, बांबू कुठे आहेत, सगळं नीट दोन पानांत. पण अहवालाचा नमुना ठरलेला होता आणि त्यात तांडेलच्या म्हणण्याला रकाना नव्हता. नमुना मोडणं मला जमलं नाही. ती दोन पानं मी सर्वांत शेवटी लावली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: परिशिष्ट चार.

परिशिष्टं कोणी वाचत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी स्वतः तरी कधी वाचली होती?

तो दर शुक्रवारी नमाजानंतर आमच्या फाटकाशी यायचा. "आपला कागद वाचला काय वो त्यांनी?" मी दोन पत्रं पाठवली. दोन्हींना एकच उत्तर आलं: नोंद घेतली आहे. तिसरं पत्र कोणाला लिहायचं, ते मला कळेना.

पायवाट झाली. छान झाली, कठड्यासकट. त्या हिवाळ्यात ऐन भरतीला चिखल्यांचा आणि तुतवारांचा थवा आला, कठड्यावरून तीनदा फिरला. खाली माणसांनी टाळ्या वाजवल्या. थवा समुद्राकडे निघून गेला. पुढल्या वर्षी आलाच नाही.

तांडेलला खाकी टोपी देऊन अभयारण्याच्या दारावर बसवलं होतं. पाहुणे विचारत, "पक्षी कुठे आहेत?" तो माझ्या फलकाकडे बोट दाखवी. "बाईंनी लिवलंय, वाचा. हितं हजारो हायत." मला लागावं म्हणून तो तसं म्हणत नसे. सांगण्यासारखं दुसरं काही त्याच्याकडे उरलंच नव्हतं.

एका सकाळी टोपी खिळ्याला होती, तो नव्हता. मी घरी गेले, तर खाटेवर पडलेला. पायांतलं बळ गेलं होतं.

"बैठकीवर कोन आलं काय, बाईनू?"

"नाही, तांडेल."

खोटं बोलायला हवं होतं. तेही मला जमलं नाही. त्याने पायाचा अंगठा चादरीबाहेर काढला, जरा थांबला आणि परत आत घेतला.

त्याला जाऊन आता चार पावसाळे झाले. भरतीच्या वेळी मी कधी कधी पायवाटेवर जाते. पलीकडे तिवरांच्या कडेला त्याचे थोडे बांबू अजून उभे आहेत. चिंध्या कधीच गेल्या. परवा त्यातल्या एकावर एक कुरव पक्षी बसलेला दिसला. मी होते तिथेच कठडा धरून उभी राहिले, पायाखालचं लाकूड वाजू नये म्हणून.