विहिरीच्या वहीतला सोमवार

कावीळ उतरली होती, पण अंगातली सुस्ती उतरली नव्हती. मोताळ्याजवळच्या आमच्या वावरातल्या घरात मी दिवसभर खाटेवर पडून असायचो, उसाचा रस प्यायचो, बिनतेलाचं वरण गिळायचो आणि दारातून समोरच्या हरभऱ्याकडे पाहत राहायचो. ऊन त्या हिरव्यावर पडलं की डोळे आपोआप मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांनाही हिरवंच दिसायचं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संगणक कशाशी खातात हे आमच्या पंचक्रोशीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि एक संगणक माझ्या खाटेशेजारी, ज्वारीच्या कोठीला टेकवलेल्या टेबलावर बसला होता.

तो पुण्याच्या कंपनीचा होता. मी आजारी पडलो तेव्हा काम अर्धवट होतं, म्हणून त्यांनी यंत्रच जीपमध्ये घालून माझ्यामागे पाठवलं. फ्लॉपीच्या चकतीवर लिहिणं-वाचणं एक चिप सांभाळते, तिला कंट्रोलर म्हणतात. संगणकाने त्या चिपशी कसं बोलायचं ते ठरवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. तो मी लिहीत होतो. पुण्यात तो गुणी बाळासारखा चालला. इथे आला आणि माशी शिंकली. लिहिलेलं परत वाचायला जावं तर कधी यायचं, कधी नाही.

लिहून पाहायला काहीतरी मजकूर हवा म्हणून मी आईची वही घेतली होती. वडील गेल्यापासून वावर आईच पाहायची. एकदा विहिरीत पाणी नसताना मोटर चालू राहिली आणि जळाली. तेव्हापासून रोज सकाळी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचा आणि किती हात पाणी आहे ते वहीत लिहायचं, हा तिने नेम धरला. चौथी शिकलेली बाई, पण दिवस चुकला नाही. ‘नऊ हात. मोटर चालू.’ ‘दहा हात. लाइन नाही.’ लाइन म्हणजे वीज. मी हे टाइप करायचो, चकतीवर लिहायचो, आणि परत वाचताना मधले चार-पाच दिवस गायब असायचे. त्या गुंगीत मला विहीर आणि चकती एकच वाटू लागल्या होत्या. दोन्ही गोल, दोन्ही काळ्या, आणि तळाशी काय आहे ते दोर सोडल्याशिवाय कळत नाही.

मग कंपनीचं पत्र आलं. वर तब्येतीच्या चौकशीच्या दोन ओळी, आणि खाली मुद्दा: येत्या सोमवारी आमचे साहेब येतील. ड्रायव्हर चालला तर त्यांच्याबरोबरच निघा, नाही तर यंत्र परत पाठवा, काम दुसऱ्याकडे दिलं जाईल. मला ती नोकरी जिवापाड हवी होती. गावातून पहिल्यांदा कोणी असल्या कामाला गेलं होतं, आणि ते कोणी मी होतो, याचा मला भारी तोरा होता.

आईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, “नाही झालं त राह्य इथंच. वावर काय पळून चाल्लं?”

“मले नाही राह्यचं इथं,” मी फटकन बोललो. राग तेव्हा माझ्या नाकावरच असायचा. आई उठली आणि मोटर लावायला गेली.

मीही खजील होऊन मागोमाग गेलो. आमच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, आमचं धरून पाच वावरं होती. लाइन आली की पाचही मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि विजेचा दाब उतरून घरातला दिवा पिकल्या लिंबासारखा पिवळा पडायचा. आईने स्टार्टर दाबला आणि विहिरीतून वर आलेल्या लोखंडी पाइपावर तळहात ठेवून ती डोळे मिटून उभी राहिली.

“माय, काय करून राह्यली?”

“पाणी आलं का पाहून राह्यली. आलं का पाइप थरथरते.”

“मोटर लावली म्हणजे येणारच ना थोड्या वेळात.”

“थोडा म्हंजे किती? सगळ्यायच्या मोटरी चालू असल्या का लय येळ लागते, नसल्या त लवकर येते. ते काय मोजून येते का? हात लावून पाहा लागते.”

मी तिथेच बांधावर बसलो. मोटर होती माझ्या फ्लॉपी ड्राइव्हमध्येही, चकती फिरवणारी. ती सुरू करून मी प्रोग्रामला सांगितलं होतं, इतक्या आकड्यांपर्यंत मोज आणि मग वाच. पुण्यात तेवढं मोजणं पुरायचं. इथे दिवा पिवळा पडला की चकतीला वेग यायला उशीर व्हायचा, आणि माझा शहाणा प्रोग्राम मोजणं संपवून कोरड्या पाइपाखाली बादली लावायचा. चकतीचा एक फेरा पुरा झाला की कंट्रोलर एक ठोका दाखवतो, हे मी पुस्तिकेत दहादा वाचलेलं. पण ठोक्याला हात लावून पाहावं, हे सुचलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी कागदावर नवा ड्रायव्हर लिहिला. मोजायचं नाही. ठोक्यांवर लक्ष ठेवायचं, लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर सारखं झालं की मगच वाचायचं. शनिवारी टाइप करून झालं आणि लाइन गेली. रविवारीही आली नाही.

“चालन का उद्या?” आईने विचारलं.

“दिवा बारीक नाही झाला त चालनच,” मी म्हणालो. “झाला तरी चालाले पाहिजे. पण पाह्यलं कुठं आहे चालवून.”

तिने मान हलवली आणि ती चप्पल घालून बाहेर गेली. मी पुन्हा झोपलो.

सोमवारी साहेब आले. लाइन आली. मी वही टाइप केली, लिहिली, यंत्र बंद केलं, चालू केलं, वाचली. सगळे दिवस जागेवर. दहादा केलं, दहाही वेळा विहीर जशीच्या तशी वर आली. बाहेर विलक्षण शांत होतं. हरभऱ्यावर फुलपाखरं तरंगत होती, साहेब चहा पीत होते, आणि मला वाटत होतं, ही शांतता माझ्याच आतली आहे, काम जमल्याची. दुपारी मी जीपमध्ये बसलो. आईने पुरचुंडीत हरभऱ्याचे हिरवे घाटे दिले.

तो ड्रायव्हर पुढे कितीतरी ठिकाणी, कितीतरी पिवळ्या दिव्यांखाली चालला. मोताळ्याच्या त्या परीक्षेची गोष्ट मी नव्या पोरांना रंगवून सांगायचो.

वीसेक वर्षांनी आईला पुण्याला आणायचं ठरलं, तेव्हा मी घर आवरत होतो. कोठीमागे वह्यांची चळत सापडली. ती जुनी वही उघडून मी तो सोमवार शोधला. ‘अकरा हात. लाइन होती. मोटर बंद. डीपीवरचे चौघं बी बंद.’

म्हणजे ती रविवारी चप्पल घालून चार वावरांत सांगायला गेली होती. दोन दिवसांनी लाइन आलेली, हरभरा तहानलेला, आणि माझा दिवा बारीक होऊ नये म्हणून पाच घरांनी पाण्याची पाळी सोडून दिली होती. माझी परीक्षा झालीच नव्हती. मला लाज वाटली, हसूही आलं, आणि मग एकदम आठवलं, की मी नापास झालो असतो तर घरीच राहिलो असतो, आणि तिला तेच हवं होतं.

आई ओसरीवर गाठोडं बांधत होती. तिला विचारायचा धीर झाला नाही. मी पान उलटलं.

‘मंगळवार. अकरा हात. मोटर चालू. घरी कोणी नाही.’