लाटसाहेबाचा तंबू

तंबू कसा निवडावा, हे आमच्या घरात फक्त मलाच कळत होतं. तसं मी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे पुढं जे झालं त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं सापडलं नाही.

आम्ही पिंपळे गुरवचे. दर चैत्रात चाकणच्या पुढं, डोंगरावर, आमच्या खंडोबाची जत्रा भरायची. दोन दिवसांचा मुक्काम. वर झाड नाही, सावली नाही, नुसता खडक आणि वारा. एसटी चाकणपर्यंत, पुढं सगळं पाठीवर. भांडी, पीठ, घोंगड्या आणि आमचं पाल. पाल म्हणजे सासूबाईंची दोन जुनी लुगडी, एक पोतं आणि चार काठ्या. आत शिरायचं ते रांगत आणि बाहेर यायचं ते उलटं रांगत.

या पालानं माझ्या नणंदेचं, हौसाचं, जमत आलेलं लग्न मोडलं. हौसा उंच. इतकी उंच, की शिंकं तिच्या हातून उतरवायचं आणि मांजरानं तिच्यावर डूख धरायचा! आदल्या वर्षी तिला बघायला पाहुणे जत्रेतच आले. पालात तिनं वाकून गूळपाणी दिलं, वाकून नमस्कार केला, वाकूनच मागं सरली. चार दिवसांनी निरोप आला, "पोरगी गुणाची हाय, पण पाठीला पोक हाय."

सासूबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. (चौथ्या दिवशी चारही दिवसांचं जेवल्या.)

म्हणून पुढच्या वर्षी चाकणच्या एका पेन्शनर सुभेदारांनी पुतण्यासाठी हौसाला बघायला जत्रेत येतो म्हणून कळवलं, तेव्हा मी साफ सांगितलं, "यंदा पाल नाही. तंबू घ्यायचा. हौसा ताठ उभी राहील असा."

"तंबू?" सासूबाई म्हणाल्या. "आपण काय सर्कशीतली हाय व्हय?"

"आत्याबाई, एकदा घेतला की दहा कामांना येतो. जत्रेचा मुक्काम झाला, मळ्याची राखण झाली, पावसाळ्यात गोवऱ्या झाकायला झाला..."

"बाळंतपणालाबी झाला," आमचे मालक म्हणाले. मी त्यांच्याकडं बघितलं. ते डबा घेऊन कामावर निघाले.

मालक तेव्हा पिंपरीला नव्या कंपनीत लागले होते. पेट्या उचलता उचलता पेट्यांवरची इंग्रजी अक्षरं त्यांना लावता यायला लागली होती. अक्षरं लागायची, अर्थ लागायचा नाही. घात झाला तो त्यामुळंच.

खडकीच्या बाजारात बशीरभाई म्हणून एक दुकानदार लढाईतलं उरलेलं सामान विकायचे. बूट, घोंगड्या, तंबू. मी तिथं पोचले आणि निवड सुरू केली. आधी कापड दोन्ही मुठींत धरून फाडून बघितलं. ("ताई, अभी बेचना है," बशीरभाई हळूच म्हणाले.) मग शिवणीत नख घातलं. मग कापडाचा झोळ करून त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि खाली मालकांना बसवलं. तीन तंबूंखाली मालक भिजले. चौथ्याखाली कोरडे राहिले! जाड हिरवं कापड, पितळी कड्या, आणि उंची तर अशी, की बशीरभाईंनी एका बांबूवर ते वर उचललं तेव्हा बघता बघता माझ्या डोक्यावरचा पदर पडला.

"हाच," मी म्हणाले.

बशीरभाईंचा चेहरा उतरला. "वो मत लो, ताई. वो अलग काम का है."

"कसल्या कामाचा?"

ते मालकांकडं बघायला लागले, मग आभाळाकडं. मोठे अदबशीर गृहस्थ. बाईमाणसासमोर शब्द जिभेवर येईना. "उसमें रहते नहीं. जाते हैं."

"कोण जातं?"

"सभी जाते हैं. साहब लोग भी जाते हैं."

"मेमसाहेबांना घेऊन?"

"तोबा, तोबा! अकेले! एक-एक आदमी, ताई, वो..."

"कळलं," मी म्हणाले. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं माझ्या स्वभावात नाही. "एका साहेबाला जर अख्खा तंबू लागतो, तर आपल्या चौघांना आरामात पुरेल."

तेवढ्यात मालकांना दारावरच्या पडद्यावर काळी अक्षरं दिसली. बोट ठेवून त्यांनी एकेक वाचलं. "एल... ए... टी... लाट! अगं, लाटसाहेबाचा तंबू हाय ह्यो!"

बशीरभाईंनी कपाळाला हात लावला. मग गुपचूप घडी बांधून दिली आणि वर एक दोर फुकट दिला. दुकानदार मागितल्याशिवाय फुकट देतो तेव्हा सावध व्हावं. मी दुसरा दोर मागितला.

गावात ही बातमी पसरली. (मीच पसरवली.) बायका कापडाला हात लावायला आल्या. नवी वस्तू म्हणून सासूबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि घडीला वाकून नमस्कार केला.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी डोंगरावर तंबू उभा केला. उंचीला देवळाच्या कळसासारखा! रुंदी मात्र दोन पाटांची. दोन पाट मांडले की तिसऱ्या वस्तूनं बाहेर जायचं. हौसा आत ताठ उभी राहिली, पण ती उभी राहिली की दुसऱ्या कोणाला आत पाऊल टाकता येईना.

"लाटसाहेब निजत कसा असंल गं?" सासूबाईंनी विचारलं.

"उभ्यानं," मी म्हणाले. "मोठी माणसं. त्यांच्या तऱ्हा वेगळ्या."

सासूबाई गुडघे हनुवटीला लावून आत झोपल्या. आम्ही तिघं बाहेर.

सकाळी फटफटलं तशा सासूबाई आतच पाटावर बसून नैवेद्याची डाळ निवडायला लागल्या. मी मागच्या बाजूला चूल पेटवत होते. तेवढ्यात कानाला मफलर गुंडाळलेला, पांढऱ्या मिशांचा एक गृहस्थ आला. तंबूपासून पाच पावलांवर थांबला आणि खाकरला.

"कोण हाय?" आतून सासूबाई.

"कोण न्हाई. चालू द्या तुमचं."

सासूबाईंना वाटलं, जत्रेतला कोणी भला माणूस भेटायला आलाय. "बाहेर का उभं? या की आत!"

"आं? न्हाई, न्हाई! तुमचं होऊ द्या आधी सावकाश."

"माझं काय वो, माझं दुपारपातूर चालायचं!"

"दुपारपातूर?" त्याचा आवाज चिरकला. "पोटाला काय त्रास हाय का?"

"पोटाला काय धाड भरलीय? या तुमी! सरकून बसते, दोघं मावू!"

धाडकन काहीतरी खडकावर पडलं. मी तंबूआडून डोकावले, तर त्याच्या हातातलं टमरेल पडून पाणी उतारानं चाललेलं, आणि तो गृहस्थ पाण्याच्या पुढं. पण त्याच्यामागं आणखी चौघं उभे होते. सगळे पलटणीतल्यासारखे ताठ, एकामागं एक, सारखं अंतर ठेवून, प्रत्येकाच्या हातात टमरेल.

"किती वेळ हाय?" शेवटच्यानं विचारलं.

"म्हातारी दुपारपातूर उठत न्हाई म्हणती," रांगेतला पहिला म्हणाला.

मी धावत जाऊन मालकांना उठवलं. "उठा! आपला तंबू बघायला रांग लागलीय!"

मालकांनी डोळे चोळले. "पण हातात टमरेलं कशापायी?"

"जत्रेत चांगला तांब्या कोण आणतं? चोरीला जातो!" माझ्याकडं तेव्हा कशालाही उत्तर असायचं.

दुपारी सुभेदार आले. गुलाबी फेटा, कोटावर बिल्ले, बरोबर पुतण्या. पुतण्या चांगला बांबूसारखा उंच. सुभेदार तंबूपासून पाच पावलांवर थांबले आणि सवयीनं खाकरले.

"अगं बया!" खाकरणं ओळखून सासूबाई तंबूतून ओरडल्या. "हे तर सकाळचंच पावणं!"

सुभेदारांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला.

सासूबाईंनी बसल्या बसल्या पाट मागच्या कापडाकडं सरकवला. हौसा हातात पुरणपोळीचं ताट घेऊन तंबूच्या दारात उभी राहिली. ताठ. अगदी ठरवलं होतं तशी. मला वाटलं, झालं, जिंकलं! पण सुभेदार ताटाला हात लावीनात. ते दारावरची अक्षरं बघायचे, मग पुरणपोळी बघायचे, मग पुन्हा अक्षरं.

"हा तंबू कुणी निवडला?" त्यांनी विचारलं.

मी पदर सारखा करून पुढं झाले. "मी! लाटसाहेबाचा आहे."

"लाट न्हवं, सूनबाई," सुभेदार सावकाश म्हणाले. "लॅट्रीन. पलटणीचा संडास हाय ह्यो."

सासूबाई 'देवा रे' म्हणून मटकन मागं टेकल्या. मग आपण कशाला टेकलोय ते ध्यानात येऊन ताडकन उठून बाहेर आल्या. "मी नारळ फोडला गं त्याला!" त्या माझ्या अंगावर ओरडल्या. "नमस्कार केला!"

मालक खाली बसून तंबूचे दोर मोजायला लागले. हे लग्नही मोडलं, आणि या खेपेला पालानं नाही, मी मोडलं, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. हौसा हसत होती. आधी दाबून, मग ताट गदगदायला लागलं, मग डोळ्यांतून पाणी. वाकली मात्र नाही.

पुतण्या तिच्याकडं टक लावून बघत होता. "काका," तो म्हणाला, "पोरगी ताठ हाय."

"व्हय रं," सुभेदार म्हणाले. त्यांच्याही मिशा हलायला लागल्या होत्या. "आन इतकी वर्षं पलटणीत काढली, पर असल्या तंबूच्या दारात हसणारं माणूस म्या आजच बघितलं. पण वहिनी, पुरणपोळी बाहेर घ्या. उन्हात बसू. पाच पावलं लांब."

वैशाखात लग्न लागलं. चाकणहून गाड्या भरभरून वऱ्हाड आलं. एवढ्या माणसांची सकाळची सोय कुठं करायची, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्या घरानं माझ्याकडं बघितलं. मांडवामागं लाटसाहेबाचा तंबू उभा राहिला. त्याच्यापुढची रांग पंगतीपेक्षा मोठी होती. भर मांडवात सासूबाई विहिणीला मोठ्यानं सांगत होत्या, "ते मागचं समदं आमच्या सूनबाईंच्या पसंतीचं बरं का!"

त्यानंतर मी पुष्कळ वस्तू निवडल्या. भांडी निवडली, म्हशी निवडल्या, सुना निवडल्या. पण माझ्या निवडीचा लाभ घ्यायला लोक रांग लावून आले, ते त्या तंबूलाच. दोन्ही वेळा टमरेलं घेऊन.