गुळाचा रवा आणि माझी कंबर

गुळाचा रवा मी एकटीनं उचलला, तोही पाय ताठ ठेवून, कमरेत वाकून, दारात रांगोळी घालावी तशी. एवढा मूर्खपणा मी दुसरा केलेला नाही. केला असेल तर तो आमच्या घरच्या मालकांना ठाऊक, आणि ते काही सांगायचे नाहीत.

रवा म्हणजे तीस किलोची ढेप, उपडी घातलेली बादलीच. बादलीला कडी तरी असते! कोल्हापूरच्या मार्केट यार्डात एका अडतीवर आम्ही बायका मागच्या बाजूला बसून रव्यांना कापड शिवायचो. पुढं सौदे चालायचे, बोली चढायची, आरडाओरडा व्हायचा, आणि आम्हाला दिसायच्या फक्त माणसांच्या पाठी. वजनाच्या काट्यावर रवे चढवणारे मात्र ऐन सौद्यात उभे! मला तिथं जायचं होतं. चाळिशी उलटली होती, पण सौदा सुरू झाला की माझी सुई हातात आणि मान पुढं.

एका हंगामात हमाल कमी पडले. मुकादम मागं येऊन म्हणाला, "दोघींना काट्यावर घिऊन बघतो. जमलं तर कायम. न्हाय जमलं तर बायकांनी परत ह्यो विषय काढायचा न्हाय."

मी ताडकन उठले. माझ्याच गल्लीतली मैत्रीण उठली. म्हणाली, "दोघी मिळून उचलूया की गं."

"दोघी कशाला? डोक्यावर दोन-दोन घागरी आणल्यात मी. एकलीच उचलतो बघ!"

पदर खोचला. सगळे बघतायत म्हटल्यावर तर अंगात वारंच शिरलं. हिसका मारून रवा उचलला आणि पावलं न हलवता नुसती कमरेतून काट्याकडं वळले. कमरेत सटकन काहीतरी सरकलं. आता रवा खाली ठेवता येईना, की सरळ होता येईना. परक्याचं बाळ हातात देऊन आई बाजारात निघून जावी, तशी मी अर्धी वाकून उभी.

"फोटो काढा रं कुणीतरी!" मागून कोण तरी ओरडलं. मलाच हसू फुटलं, आणि हसल्याबरोबर कळ मस्तकात गेली.

हमालांतले म्हातारे चाचा धावले. गुडघ्यात बसून त्यांनी रवा माझ्या हातातनं पोटाशी घेतला आणि सहज उभे राहिले.

"वैनी, म्हशीची धार काढता का?"

"काढतो की. रोज."

"मग तितं काय कमरेत वाकून काढता? गुडघ्यात बसता न्हवं? रव्याफुडंबी तसंच बसायचं. पाय फाकवून, रवा पोटाला लावून, मांड्यांच्या जोरावर उठायचं. वळायचं तर पावलं फिरवायची. आनि जड हाय म्हटल्यावर दोघींनी धरायचं. ही काय कुस्ती हाय?"

इतकी वर्षं म्हशीखाली बसत होते, आणि अक्कल तिथंच गोठ्यात ठेवून कामावर जात होते!

डॉक्टरांनी महिनाभर जड उचलायला बंदी घातली. मालकांनी भाकऱ्या थापल्या, त्या खाताना कमरेपेक्षा दातांची काळजी वाटली. पण खरी धास्ती एकच: माझ्या मिजाशीपायी सगळ्याच बायका आता मागं बसणार. मैत्रीण रोज सांगायची, "मुकादम काय बोलंना झालाय." कळ थांबल्यावर मी उशी पोटाशी धरून घरामागच्या परड्यात बसायचा-उठायचा सराव सुरू केला. लेक म्हणाली, "आई, बाळागत धरून बसलीयस, उशीला शी लागली व्हय?"

परत गेले त्या दिवशी सौदा रंगात आला होता. मुकादमाला म्हटलं, "एकदा बघा. दोघी हाय आता." त्यानं नुसता रव्यांच्या राशीकडं हात केला. आम्ही रव्याच्या दोन बाजूंना बसलो, बुडाखाली हात घातले, एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं. "हं!" रवा वर! चार पावलं, आणि काट्यावर! परत खाली, परत हं! शेजारी बोली चढतेय, घाम डोळ्यांत जातोय, आणि आम्ही दोघी जत्रेतल्या पोरींसारख्या फुललोय. अख्खी रास संपली. एक रवा फुटला नाही, कंबर कुरकुरली नाही.

मुकादम काट्यापाशी आला, राशीची मोकळी जागा बघितली आणि म्हणाला, "मावशी, तुमी एकटीनं उचललं तवाच मी बायकांचं नाव खोडलं हुतं. आता परत लिवतो. उद्यापास्नं दोघी हितंच. आनि आमच्या ह्या तरण्या गड्यांस्नीबी जरा बसायला शिकवा, निम्मे कंबर धरून हिंडत्यात!"